मूठ आणि परज : दख्खनी शस्त्रांतील हाताच्या रक्षणाचा विचार

(१)

शस्त्राची परीक्षा पात्यावरून करण्याची आपल्याकडे रूढि आहे. पात्याचें पाणी कसें, जौहर कोणता, त्यावर कोणाचें नांव कोरलेलें आहे, तें फिरंगी कीं देशी, इतक्या गोष्टी पाहून झाल्या म्हणजे संग्राहक समाधान पावतो. मुठीकडे त्याची दृष्टि गेलीच तर ती बहुधा तिच्यावरील सोन्यारुप्याच्या कामाकरितां जाते. परंतु शस्त्र चालविणाराचा जीव जितका पात्यावर, तितकाच मुठीवर अवलंबून असे. हातांतून निसटलेली तरवार शत्रूच्या कामाची. आणि घामानें किंवा रक्तानें ओल्या झालेल्या मुठीवरून पुढें सरकलेला हात आपल्याच पात्यावर जाऊन पडावयाचा. असें असतां मुठीचा विचार केवळ शोभेचा विषय म्हणून होत राहिला, हें योग्य झालें नाहीं. प्रस्तुत लेखांत न मिटणाऱ्या पात्याच्या दख्खनी शस्त्रांचा विचार आम्ही याच एका दृष्टीनें करणार आहों : हात घट्ट राहावा व त्यास इजा होऊं नये म्हणून जुन्या कारागिरांनीं कोणत्या योजना केल्या, आणि त्या ओळखल्यानें जुन्या याद्या व जुनीं शस्त्रें यांचा अर्थ लावण्यास काय साहाय्य होतें.

(२)

या विचारास आम्ही इस्लापूरच्या मुलुखापासून आरंभ करतों. इस्लापूर हें गांव आज नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांत असून पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा त्याच्या नजीक आहे. परंतु नांदेड जिल्ह्याशीं त्याचा हा संबंध फार जुना नव्हे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या कायद्यांत बोथ तालुक्यांतील इस्लापूर सर्कल असा त्याचा निराळा उल्लेख केलेला आहे. त्या वर्षीं १ नोव्हेंबर रोजीं अदिलाबाद जिल्ह्यांतील किनवट व राजुरा हे दोन तालुके आणि हें एक सर्कल हैदराबाद राज्यांतून निघून मुंबई राज्यांत आलें, व पुढें १९६० सालीं महाराष्ट्रांत. बोथ मात्र तेलंगणाच्या बाजूस राहिलें. तेव्हां या भागाचे जुने महसुली कागद शोधूं इच्छिणारानें केवळ नांदेडास न थांबतां बोथ-अदिलाबादेकडेही दृष्टि लावली पाहिजे, हें ओघानेंच आलें.

आमच्या विषयास या सीमेचें महत्त्व असें कीं, हा मुलूख दख्खनच्या पोलादाच्या अगदीं दाराशीं आहे. इस्लापुराच्या आग्नेयेस निर्मळ, आणि तेथून गोदावरी ओलांडली कीं निजामाबाद जिल्ह्यांतील कोनासमुद्रम्. मुशींत लोखंड वितळवून जौहरदार पोलाद करण्याची विद्या या टापूंत नांदत होती. कोनासमुद्रम् येथील भट्ट्यांचें डॉ. व्हॉयसी यांनीं केलेलें वर्णन बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत १८३२ सालीं प्रसिद्ध झालें. तरवारींच्या पात्यांकरितां पोलाद खरेदी करण्यास खुद्द इस्फहानचा एक व्यापारी तेथें आला होता, असें त्यांत नमूद आहे. उत्तर तेलंगणांत २०१० सालीं झालेल्या पाहणींत जुन्या धातुकामाच्या पुष्कळ जागा नोंदल्या गेल्यानें या वर्णनास भूमीचीही साक्ष मिळाली आहे. उत्तरेस माहूर. आईन-ई-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत माहूर सरकारची गणना आहे. आणि पश्चिमेस नांदेड. तेथें १७०८ सालीं गुरु गोविंदसिंग यांचें देहावसान झालें, व त्यांचीं म्हणून मानलेलीं शस्त्रें सचखंड श्रीहुजूरसाहेब येथें आजतागायत भक्तिभावानें जतन केलेलीं आहेत. पोलाद करणारे, पातीं घडविणारे, त्यांस धार देणारे शिकलगार आणि शस्त्र बाळगणारे असे सर्व या एका टापूच्या आसपास एकत्र आलेले दिसतात. अशा मुलुखांत मुठीचा विचार करूं गेल्यास तो निराधार ठरणार नाहीं.

(३)

प्रथम नांवांचा घोळ दूर केला पाहिजे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितांनीं रचलेल्या राज्यव्यवहारकोशांत शस्त्रवर्ग म्हणून एक स्वतंत्र वर्गच आहे. आईन-ई-अकबरींतही शस्त्रागाराच्या प्रकरणीं शस्त्रांची नांवनिशी दिलेली आहे. तींत जमधर, खंजर, खपवा, बांक, कटारा अशीं नांवें येतात, आणि त्यांत नरसिंगमोठ असेंही एक नांव आहे. शस्त्राचें नांवच मुठीवरून पडल्याचें हें उदाहरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कारण त्या काळच्या माणसास शस्त्राची ओळख पात्याइतकीच मुठीवरूनही पटत असे, हें त्यावरून स्पष्ट होतें.

आज आपण आडव्या दांड्यांच्या मुठीचें जें शस्त्र कट्यार म्हणून ओळखतों, तें आईनांतील जमधर होय, आणि एगर्टनसाहेबांच्या १८८० च्या ग्रंथापासून या दोन नांवांची अदलाबदल रूढ झाली, असें जी. एन्. पंत यांनीं प्रतिपादिलें आहे. हें मत ग्राह्य धरलें तर जुन्या यादींत नुसता कट्यार हा शब्द आढळल्यावर आडव्या मुठीचेंच शस्त्र समजणें धोक्याचें ठरतें. यादीकारानें मुठीचा काहीं तपशील दिला असेल तरच निश्चय करितां येतो. म्हणून मोडी यादी वाचतांना मूठ, परज, कबजा, म्यान या शब्दांपुढील प्रत्येक विशेषण उतरून घेणें अवश्य आहे. लिप्यंतर करतांना हेच शब्द निरुपयोगी समजून गाळले जातात, हें दुर्दैव होय.

(४)

आतां मूळ विषयाकडे वळूं. हातांतील पात्यापासून हातासच अपाय होण्याचे प्रकार मुख्यतः चार आहेत. पहिला, भोंसकतांना पातें अडलें म्हणजे हात मुठीवरून पुढें सरकून धारेवर जाणें. दुसरा, वार करतांना झोकामुळें शस्त्र हातांतून पुढें निसटून जाणें. तिसरा, पातें लक्ष्यावर बसतांच मूठ हातांत वळणें. यानें धार आडवी पडते, वार फुकट जातो व मनगटास हिसका बसतो. चौथा, पातें मुठींतून ढिलें होणें किंवा सुटणें. याशिवाय शत्रूच्या वारापासून बोटांचें रक्षण हा पांचवा हेतु असतोच. पण तो परक्याच्या शस्त्रासंबंधींचा आहे, आणि पहिले चार आपल्याच शस्त्रासंबंधींचे आहेत. कोणतीही जुनी मूठ हातीं आली असतां या चारांपैकीं कोणत्या भयाचा तिनें परिहार केला आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा, म्हणजे तिचा आकार आपोआप बोलूं लागतो.

(५)

कट्यारीपासून आरंभ करूं. येथें मूठ पात्याच्या रेषेंत नसून आडवी असते. दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांमध्यें एक किंवा दोन आडवे दांडे, अशी ही रचना. मुठींत दांडे आवळले कीं पातें सरळ हाताच्या पुढें येतें आणि उभ्या पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंस येऊन बसतात. भोंसकण्याचा सर्व जोर तळहातानें आडव्या दांड्यावर दिला जातो, म्हणून हात पुढें सरकण्यास वावच राहत नाहीं. पट्ट्यांमुळें पातें हातांत वळतही नाहीं. पहिलें व तिसरें अशीं दोन्ही भयें एकाच युक्तीनें नाहींशीं केलेलीं आहेत. चवदाव्या शतकांत इब्न बतूता यानें हिंदुस्थानांतील एका शस्त्राचें वर्णन करतांना तें नांगराच्या फाळासारखें असून त्यांत हात घातला म्हणजे पुढचा हात झांकला जातो, असें सांगितलें आहे. त्यावरून ही कल्पना किती जुनी आहे तें दिसतें. दक्षिणेंत विजयनगरच्या परंपरेंतील कट्यारींस बोटांवर येणारी शिंपल्याच्या किंवा पानाच्या आकाराची ढाल जोडलेली असे. तंजावरच्या राजवाड्यांतील शस्त्रागारांत अशा झांकणीच्या कट्यारी पुष्कळ होत्या. तेथील मराठी राज्य १८५५ सालीं संपलें, पुढें शस्त्रागार मोडलें, आणि तेथील नमुने आज देशोदेशींच्या संग्रहालयांत विखुरलेले आहेत.

पट्टा ही याच कल्पनेची वाढ. त्यांत आडवा दांडा कायम राहून त्याभोंवतीं लोखंडी हातमोजाच आला. कोपराच्या खालीं हात अडकविण्यास कडें किंवा पट्टा आला. हाताचें रक्षण याहून पूर्ण होणें अशक्य. परंतु त्याची किंमतही मोजावी लागते. मनगट जखडलें जातें, म्हणून पट्ट्याचे हात खांद्यापासून व सर्व शरीर फिरवून करावे लागतात; आणि प्रसंग पडल्यास शस्त्र टाकून हात मोकळा करणें तितकें सुलभ राहत नाहीं. दांडपट्टा शिकण्यास इतरांहून अधिक अभ्यास लागतो, त्याचें बीज मुठीच्या या रचनेंतच आहे.

बिचव्याची तऱ्हा निराळी. म्हशीच्या शिंगाच्या वांकाचें त्याचें पातें, आणि मूठ म्हणजे लोखंडाची वळवून केलेली कडी. पातें व मूठ बहुधा एकाच लोखंडाचीं, म्हणून पातें सुटण्याचें चौथें भय त्यांस नाहींच. बोटें कडीच्या आंत राहिल्यानें हात उघडला तरी शस्त्र एकदम पडत नाहीं. प्रतापगडाखालीं १० नोव्हेंबर १६५९ रोजीं झालेल्या भेटीच्या प्रसंगीं सभासदानें महाराजांच्या हातीं बिचवा व वाघनख हीं दोन शस्त्रें दिलीं आहेत, आणि केवळ हस्तरक्षणाच्या दृष्टीनें पाहिलें तरी ही निवड किती विचाराची होती, हें ध्यानांत येतें. अंगास अंग भिडलें असतां हात मागें घेऊन पुन्हा धरण्यास अवकाश नसतो. तेथें बोटांत अडकून राहणारेंच शस्त्र कामास येतें. वाघनखाच्या पट्टीस बोटांत घालण्याकरितां कड्या असतात त्या याच कारणानें. ग्रँट डफ याच्या घराण्याकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयास मिळालेलें वाघनख जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या संग्रहालयांत उसनें म्हणून मांडण्यांत आलें. तें महाराजांच्याच हातांतलें असें सिद्ध करणारा पुरावा नाहीं, हें त्या संग्रहालयानेंच स्पष्ट केलें आहे. तथापि कड्यांची योजना समजून घेण्यास तो नमुना उत्तम आहे.

दख्खनी चिलानम हें दुहेरी वांकाचें शस्त्र. त्याची मूठही बहुधा पोलादाचीच, मध्यें निमुळती व दोन्ही टोकांस पसरट असते. खालील पसरट भाग हात पुढें जाऊं देत नाहीं, वरचा तो निसटूं देत नाहीं. उलटपक्षीं पेशकब्जाची मूठ साधी सरळ, हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या दोन फळ्या खिळ्यांनीं जडविलेली. तीस परज मुळींच नाहीं. परंतु तेथें पात्याचें बूड मुठीहून रुंद ठेवलेलें असतें. त्या खांद्यावर तर्जनी अडते, आणि परजेचें काम पात्याच्या बुडाकडूनच करून घेतलें जातें.

खांडा व धोप यांच्या मुठीस बोटांवरून जाणारी रुंद परज, आंत कापसाची मखमली गादी, व मागें एक लांब खुंटी असते. ही खुंटी शोभेची नव्हे. जड पात्याचा वार दोन्ही हातांनीं करावयाचा झाल्यास दुसऱ्या हातास तीच धरण्याची जागा. आणि म्यान केलेल्या शस्त्रावर हात विसांवण्यासही तीच. गादीचा उपयोग असा कीं, लोखंडावर आपटून बोटांचीं पेरें सोलवटत नाहींत व घाम शोषला जातो.

(६)

आतां तरवारीच्या मुठीचा वादाचा मुद्दा. दख्खनी व उत्तरहिंदुस्थानी तरवारींच्या मुठींत हात मावण्याची जागा फार थोडी, पुष्कळदां तीन इंचांच्या आसपास असते. मागें सपाट वाटी, पुढें आडवी परज, मध्यें किंचित् फुगीर दांडी. ही मूठ हातांत घेऊन पाहणारा पुष्कळ वेळां म्हणतो कीं, पूर्वीच्या लोकांचे हात लहान असले पाहिजेत. हा तर्क आम्हांस मान्य नाहीं. त्याच लोकांच्या कुऱ्हाडींचे दांडे आणि खांड्यांच्या मुठी ऐसपैस आहेत. लहान हात हेंच कारण असतें तर तें सर्वत्र दिसलें असतें.

खरें कारण मुठीच्या कामांत शोधलें पाहिजे. जागा थोडी असल्यानें हात वाटी व परज यांमध्यें पाचरीसारखा बसतो. पुढें सरकत नाहीं व मागूनही निसटत नाहीं. पुष्कळदां तर्जनी परजेच्या पुढें टाकून धरीत. वाटी मनगटास टेकते, म्हणून मनगट वांकवून पातें पुढें फेकण्याची लकब येथें चालत नाहीं. वार कोपर व खांदा यांच्या जोरानें, पातें ओढून घेत करावा लागतो. वांकड्या पात्यास हाच वार सर्वांत मानवतो. मूठ पात्याच्या स्वभावास अनुसरून घडविलेली आहे, हातांच्या मापास अनुसरून नव्हे.

याविषयीं एक साक्ष विशेष मोलाची आहे, आणि ती निजामाच्याच मुलुखांतील आहे. कॅप्टन नोलन हा इंग्रज घोडदळाचा अधिकारी. १८५४ सालीं बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध हल्ल्यांत तो पडला. त्याच्या आदल्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या घोडदळावरील ग्रंथांत त्यानें निजामाच्या शिलेदारांच्या तरवारींची चौकशी केल्याची हकीकत दिली आहे. त्या तरवारींनीं केलेल्या भयंकर जखमा ऐकून त्यास वाटलें कीं पातीं कांहीं अपूर्व असावींत. पाहतां तीं इंग्रजांच्याच फौजेंतून टाकून दिलेलीं जुनीं पातीं निघालीं! शिलेदारांनीं त्यांस आपल्या पद्धतीच्या धातूच्या मुठी बसविल्या होत्या, सर्व पात्यास वस्तऱ्यासारखी धार दिली होती, व तीं लांकडी म्यानांत ठेवलीं होतीं. मूठ लहान व चपटी आहे, इंग्रजी मुठीसारखी गोल नाहीं, आणि गोल मुठींत धार क्वचितच सरळ पडते, असा शेरा त्यानें आपण होऊन मारला आहे. लांकडी म्यानांत धार बोथट होत नाहीं, हेंही त्यानें सांगितलें आहे. पातें तेंच, देश बदलला, मूठ बदलली, आणि टाकाऊ शस्त्र भयंकर झालें. शस्त्राचें सामर्थ्य केवळ पात्यांत नाहीं, याला याहून निःपक्षपाती पुरावा कोणता हवा?

चौथ्या भयासंबंधीं तरवारीची व्यवस्थाही लक्षणीय आहे. मुठीची दांडी पोकळ असते. पात्याची आखूड शेपटी तींत घालून लाख किंवा राळ तापवून ओततात, व निवल्यावर ती घट्ट धरते. हा कच्चेपणा आहे असें वाटणें साहजिक. परंतु लाखेस थोडी उष्णता पुरते, त्यामुळें पात्यास दिलेलें पाणी उतरत नाहीं. पुन्हा तापवून पातें बदलतां येतें, आणि प्रत्येक आघाताचा हिसका लाखेंत कांहीं अंशीं जिरतो. पाते ढिलें झाल्यास शिकलगार थोड्या वेळांत तें पुन्हा बसवी. जेथें पोलाद कठीण पण ठिसूळ, तेथें ही रीत शहाणपणाचीच म्हटली पाहिजे.

(७)

शस्त्रें गेलीं तरी ही विद्या लयास गेलेली नाहीं. किनवट-इस्लापूरच्या सागवानी रानांत राबणाऱ्या गोंड, कोलाम, आंध, बंजारा लोकांच्या हातांतील कोयता, विळा, कुऱ्हाड यांकडे वरील चार कसोट्या लावून पाहावें. विळा ओढून चालवावयाचा, भोंसकावयाचा नव्हे. म्हणून त्यास परज नाहीं, पण दांड्याचें मागील टोक फुगीर ठेवलेलें असतें, म्हणजे ओढतांना हात निसटत नाहीं. कोयत्याचा व कुऱ्हाडीचा दांडा गोल नसून लांबट गोल तासलेला असतो. त्यानें पातें वळत नाहीं, आणि अंधारांतही धार कोणीकडे आहे तें हातास कळतें. नोलननें तरवारीच्या मुठीविषयीं जें लिहिलें तेंच घिसाडी व सुतार न लिहितां करीत आले. पात्याची शेपटी तापवून दांड्यांत ठोकावयाची, आणि दांडा फुटूं नये म्हणून तोंडाशीं लोखंडी वसवी चढवावयाची, ही रीतही चौथ्या भयावरचाच उपाय होय. जेथें काम सुरीनें टोंचण्याचें तेथेंच अडण्याची जागा लागते. जेथें तोडण्याचें तेथें मागच्या फुगवट्यानें भागतें. गुळगुळीत, गोल व परज नसलेल्या मुठीच्या टोंकदार सुऱ्या आज बाजारांत विपुल मिळतात, व त्या दिसण्यांत सुबकही असतात. परंतु ओल्या हातानें त्यांनीं जोराचें काम करूं जाणें म्हणजे पहिल्या व तिसऱ्या अशा दोन्ही भयांस आमंत्रण देणें होय. हें आमच्या पूर्वजांच्या कारागिरास सांगावें लागलें नसतें.

(८)

या सर्वांवरून संग्राहकांनीं काय करावें, तें थोडक्यांत सांगून लेख संपवितों. कायदाही शस्त्राची वर्गवारी पात्याच्या मापानेंच करतो. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातें, आणि तें घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामाचें नसलें, म्हणजे शस्त्रनियमांची दृष्टि त्यावर पडते. तेव्हां परवान्याच्या कागदांत मुठीचें वर्णन येण्याची आशा नको. तें आपल्या नोंदवहींतच केलें पाहिजे.

नोंद करतांना परजेपासून वाटीपर्यंतची आंतील लांबी, दांडीचा घेर, तिचा छेद गोल कीं चपटा, आणि हात टेकून झिजलेल्या जागा इतकें तरी लिहावें. झीज हा लेखच आहे. तर्जनी परजेवर टेकत होती कीं नाहीं, हें ती सांगते. म्हणून मुठीस पॉलिश करून ती झीज पुसूं नये. लाख जुनी व तडकलेली असली तरी नव्या चिकट द्रव्यानें पातें जोडूं नये. मूळ लाखेचा कण राहिला तरी पातें व मूठ पूर्वीपासून एकत्र होतीं कीं नाहीं, हें तपासण्यास तो उपयोगी पडतो. गादीचा जीर्ण तुकडा फेकून देऊन नवी मखमल लावणें हें तर जुन्या कागदावरील अक्षर खरवडण्यासारखेंच आहे. सर्वांत मोठा अनर्थ म्हणजे एका शस्त्राची सुंदर मूठ दुसऱ्याच्या सुंदर पात्यास बसवून दोन्ही विकणें. अशा जोडणीनें दोन पुरावे नष्ट होतात आणि एक खोटा निर्माण होतो.

ज्यांच्याकडे घराण्यांतील शस्त्रांच्या मोडी याद्या आहेत, त्यांनीं त्या याद्यांशीं प्रत्यक्ष शस्त्रांच्या मुठी ताडून पाहाव्या. विशेषतः बोथ, किनवट, माहूर, नांदेड या टापूंतील दप्तरें या कामीं उघडलीं पाहिजेत. पातें कोणीं घडविलें हें पात्यावरच्या अक्षरांतून कळेल. तें कोणत्या हातानें, कोणत्या रीतीनें चालविलें, हें सांगणारा साक्षीदार मात्र एक मूठच आहे, आणि ती साक्ष घेण्यास अद्याप अवकाश आहे.